माहीमच्या वाड्यांतील मुंग्या आणि काचेचे घरटे

पालघरच्या पश्चिमेस समुद्रालगत वसलेले माहीम, शेजारच्या केळव्यासह केळवे-माहीम या जोडनावाने अधिक परिचित असलेले, इतिहासग्रंथांत मुख्यतः त्याच्या किल्ल्यासाठी, पोर्तुगीज अमलासाठी आणि 1739 च्या मराठ्यांच्या वसई मोहिमेसाठी येते. या गावाचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या वाड्या हे होय. नारळ, पोफळी, केळी आणि नागवेलीचे मळे यांनी भरलेल्या, विहिरीच्या पाण्यावर बारमाही ओल्या राहणाऱ्या या बागायतीत पिकांच्या बरोबरीने जी लोकवस्ती शतकानुशतके नांदत आली, तिच्यात मुंग्यांचा वाटा फार मोठा आहे. माडाच्या खोडावर वरखाली करणारे काळे मुंगळे, पाने एकमेकांस चिकटवून आंब्यावर गोळे बांधणाऱ्या तांबड्या ओंबिली, पाटाच्या कडेला भुसभुशीत मातीची वलये रचणाऱ्या बारीक मुंग्या आणि स्वयंपाकघरातील साखरेच्या डब्याचा माग काढणाऱ्या घरमुंग्या या सर्वांशी येथील माणसाचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. असे असता मुंग्यांची वसाहत मुद्दाम घरात आणून, तिला निवारा व अन्न देऊन, वर्षानुवर्षे सांभाळण्याची कला या किनाऱ्यावर उशिरा आली आणि ती युरोपातील थंड प्रदेशात जन्मली, ही गोष्ट प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिचे कारण या परिचयातच आहे. ज्या देशात मुंगी वर्षातले पाच-सहा महिने जमिनीखाली दडून बसते, तेथे तिला पाहण्यासाठी काच लागली; ज्या देशात ती ओटीवरून, माजघरातून आणि देवघरातून रोज रांगेने जाते, तेथे पाहणाऱ्याला ती गरज भासली नाही. मुंगीच्या जीवनाचा जो भाग या रांगेत कधीच दिसत नाही, म्हणजे राणी, अंडी, अळ्या आणि कोश यांचे अंधारातील जग, तो पाहण्याची इच्छा जेव्हा झाली तेव्हा येथेही काचेवाचून इलाज उरला नाही.

मुंग्यांना पोसण्याची परंपरा भारतात जुनी आहे. परंतु पोसणे आणि पाळणे यांत येथे स्पष्ट भेद राहिला. बिळाच्या तोंडाशी साखर किंवा पीठ घालणे हे महाराष्ट्रात पुण्यकर्म मानले जाते. गुजरात व राजस्थानात जैन आणि वैष्णव कुटुंबांत ‘कीडियारूं’ नावाचा रिवाज आहे, ज्यात सुक्या नारळाला भोक पाडून त्यात पीठ, साखर व तूप यांचे मिश्रण भरतात आणि तो नारळ मुंग्यांच्या बिळाजवळ पुरतात, जेणेकरून पावसातही त्यांचा चारा भिजू नये. गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत तर ‘जीवातखाना’ नावाची स्वतंत्र खोली असे. धान्य निवडताना सापडलेले किडे-मुंग्या त्या धान्यासह तेथे आणून सोडत आणि त्यांच्या खाण्यासाठी अधूनमधून आणखी धान्य टाकीत. कीटकांसाठी माणसाने बांधलेल्या निवाऱ्याचे हे जगातील एक विलक्षण उदाहरण होय. मात्र तेथे जीवाला अभय देणे एवढाच हेतू असल्यामुळे आत काय चालले आहे हे कोणी पाहत बसले नाही, आणि दया करणाऱ्याने तसे पाहावे अशी अपेक्षाही योग्य ठरणार नाही.

निरीक्षणाची परंपराही होती. ती शेतीशी, विशेषतः पावसाशी, जोडलेली होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त लवकरच पडणाऱ्या पावसाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत कोणताही उपद्रव झालेला नसताना मुंग्यांनी आपली अंडी हलवणे हे एक लक्षण आहे. मृगाच्या आधी मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून उंचावर जाऊ लागल्या की पाऊस जवळ आला, हा अंदाज महाराष्ट्रातील शेतकरी आजही सांगतो. ज्यांना तो अंडी म्हणतो ती पुष्कळदा अळ्या किंवा कोश असतात, कारण खरी अंडी इतकी बारीक असतात की चालत्या रांगेत ती डोळ्यांना क्वचितच दिसावीत. निरीक्षण अचूक आणि त्याचा अर्थ अपुरा, असा हा प्रकार आहे. घरट्याच्या आत नजर पोचल्याशिवाय तो पुरा होणे शक्य नव्हते.

घरातल्या मुंगीशी माणसाचा जो रोजचा सामना चाले, त्यात मात्र एक साधन फार पूर्वीच हाती आले होते आणि पुढे मुंगीपालनाच्या इतिहासात त्याला मोठे महत्त्व प्राप्त झाले. कोकणातील जुन्या घरांत दुधातुपाचे जाळीचे कपाट ज्या चार पायांवर उभे असे, त्या प्रत्येक पायाखाली पाण्याने भरलेली वाटी ठेवण्याची पद्धत होती. गुळाची ढेप किंवा सणाचे गोड पदार्थ पाणी घातलेल्या परातीत मधोमध ठेवीत. वाटीतले पाणी आटले, त्यात काडी पडली किंवा कपाट भिंतीला टेकले की रात्रीत रांग लागे. चहूबाजूंनी पाणी असेल तर मुंगी सहसा ओलांडून येत नाही, हे या व्यवस्थेमागचे तत्त्व होय. तिला बाहेर ठेवण्यासाठी वापरलेले हेच पाणी इतरत्र तिला आत ठेवण्यासाठी वापरले गेले.

पश्चिम भारतातील मुंग्यांविषयीचे पहिले महत्त्वाचे शास्त्रीय लेखन दोन विषयांना, म्हणजे मुंग्यांची धान्याची साठवण आणि हा पाण्याचा अडसर यांना, स्पर्श करते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साईक्स याची 1824 मध्ये मुंबई सरकारने दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीसाठी नेमणूक केली आणि त्या निमित्ताने पुण्यास राहत असताना त्याने पक्षी, मासे, पिके यांच्याबरोबर मुंग्यांच्याही नोंदी केल्या. लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात 1835 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखात पुण्याच्या कवायतीच्या मैदानालगत पडीक जमिनीवर दिसलेल्या गवताच्या बियांच्या लहान लहान ढिगांचे वर्णन आहे. पावसाने आतले कोठार भिजल्यावर मुंग्यांनी बिया बाहेर आणून उन्हात वाळत घातल्या होत्या, असा त्याने उलगडा केला आणि त्या मुंगीला ‘तरतूद करणारी’ या अर्थाचे ‘प्रॉव्हिडेन्स’ हे जातिनाम दिले. आज ती फायडोल या प्रजातीत मोडते. (प्राणिशास्त्रात निकटच्या जातींच्या गटास प्रजाती म्हणतात, शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो.)

या साध्या नोंदीचे मोल त्या काळातील एका वादामुळे वाढले. मुंगी उन्हाळ्यात धान्य साठवते असे बायबलात सॉलोमनच्या नावे आलेल्या नीतिवचनांत सांगितले होते आणि ग्रीक-रोमन लेखकही तसेच म्हणत. पण उत्तर युरोपातील निरीक्षकांना आपल्या प्रदेशातील मुंग्यांच्या घरट्यात धान्य सापडेना, तेव्हा प्राचीनांनी कोशांनाच धान्याचे दाणे समजण्याची चूक केली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या मुंग्या हिवाळाभर सुस्त पडून राहतात त्यांना कोठाराची गरजच काय, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या देशापुरता बरोबर होता. पुण्याहून साईक्सने आणि 1851 च्या सुमारास दक्षिण भारतातून टॉमस जेर्डन या सैन्यातील शल्यवैद्याने दिलेल्या साक्षीमुळे हा निष्कर्ष डळमळीत झाला. पुढे 1873 मध्ये जॉन ट्रेहर्न मॉग्रिज याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतों येथे धान्यसाठ्या मुंग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या भारतीय नोंदींचा आधार घेतला आणि एक वसाहत बंदिस्त ठेवून मुंग्या कोंब फुटलेल्या बियांचे मोड कुरतडतात हेही पाहिले. एका देशातील मुंगीवरून सर्व मुंग्यांविषयी बोलण्याची सवय मोडण्यास पुण्याच्या माळावरील मूठमूठभर बिया कारणीभूत झाल्या, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

साईक्सच्या त्याच लेखातील दुसरा प्रसंग कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला ओळखीचा वाटावा असा आहे. साईक्सच्या पुण्यातील घरी फळे, केक आणि मुरंबे ज्या लहान मेजावर ठेवलेले असत, त्याचे पाय पाण्याच्या पात्रांत बुडवलेले होते आणि मेज भिंतीपासून सुमारे इंचभर दूर सारलेले होते. तरीही मोठ्या मुंग्या मेजावर पोचत. पाण्याची अरुंद पट्टी त्या धोका पत्करून पार करू लागल्या, तेव्हा ती वाट बंद करण्याचे उपाय झाले. त्यानंतर एक मुंगी भिंतीवर मेजापासून फूटभर उंच चढून तेथून खाली पडली आणि जमिनीवर न जाता नेमकी मेजावर उतरली, असे साईक्सने पाहिले. आधीच्या मुंग्यांचे पडणे अपघाती आणि नंतरच्यांचे हेतुपूर्वक, असा त्याचा समज होता. मुंगीला असा हेतू असतो का, हा प्रश्न मेजाजवळ उभे राहून सुटणारा नव्हता. त्यासाठी तीच मुंगी पुनःपुन्हा, ओळखता येईल अशा रीतीने, ठरवलेल्या परिस्थितीत पाहायला हवी होती. मुंगीपालनाचे शास्त्र या गरजेतून वाढले.

युरोपात त्याची सुरुवात तत्पूर्वीच झालेली होती. सतराव्या शतकात हॉलंडमधील यान स्वामरडाम याने मातीच्या पात्रात मुंग्या ठेवून पात्राच्या कडेला मेणाची पाण्याने भरलेली पन्हळ केली होती. 1810 मध्ये जिनिव्हाच्या पिएर ह्युबरने आपल्या परिसरातील मुंग्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कृत्रिम घरट्यांचा उपयोग होता. मधमाश्यांचा विख्यात अंध अभ्यासक फ्रान्स्वा ह्युबर याचा तो मुलगा. परंतु पालनाला खरी शिस्त आणली ती जॉन लबक याने. पेढीचा मालक, पार्लमेंटचा सभासद आणि चार्ल्स डार्विनचा शेजारी असलेल्या या गृहस्थाने दोन काचांच्या मध्ये मुंगीला वावरता येईल एवढाच मातीचा पातळ थर ठेवला, जेणेकरून कोणतीही खोली काचेमागे लपून राहू नये. वर अपारदर्शक झाकण घातले, कारण उजेड पडताच मुंग्या पिले उचलून अंधाराकडे पळतात. आणि अशी अनेक घरटी एका खांबाभोवती बसवून तळाशी पाण्याचा चर ठेवला. एकेका मुंगीच्या अंगावर रंगाचा ठिपका देऊन तो तिचा दिवसभराचा हिशेब मांडीत असे. रंगीत काचा ठेवून केलेल्या प्रयोगांतून, माणसाला न दिसणारे जंबुपार किरण मुंग्यांना जाणवतात हे त्याने दाखवले. 1882 चे त्याचे मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवरील पुस्तक जगभर वाचले गेले. 1874 मध्ये घरी आणलेली त्याची एक राणी 1888 पर्यंत जगली, आणि कीटक म्हणजे एका ऋतूचा जीव ही समजूत त्या एका उदाहरणाने मोडली. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये लेझियस नायजर या जातीची एक राणी बंदिस्त अवस्थेत पावणेएकोणतीस वर्षे जगल्याची नोंद आहे. आणखी एक सुधारणा फ्रान्सच्या शार्ल झाने याची. त्याने 1890 नंतरच्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात खोल्या कोरल्या आणि ठोकळ्याच्या एका टोकाला पाण्याचा खड्डा ठेवला; प्लास्टर पाणी शोषते, त्यामुळे पहिली खोली ओली, मधली दमट आणि शेवटची कोरडी राहते, व मुंग्या अंडी, अळ्या, कोश आपापल्या गरजेप्रमाणे हलवतात. आज बाजारात मिळणारी बहुतेक घरटी, मग ती प्लास्टरची असोत वा अ‍ॅक्रिलिकची, लबक आणि झाने यांच्या या दोन कल्पनांचीच अपत्ये आहेत.

लबकच्या पुस्तकानंतर एका वर्षाने, 15 सप्टेंबर 1883 रोजी, मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतील दोघे भारतीय होते, डॉ. सखाराम अर्जुन आणि डॉ. आत्माराम पांडुरंग. प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ख्यात असलेल्या आत्मारामांचे व त्यांचे बंधू, व्याकरणकार दादोबा यांचे तर्खडकर हे उपनाम वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातले. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकन हा 1851 मध्ये साताऱ्यास जन्मलेला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून पुढे मीठ व जकात खात्यात गेलेला अधिकारी होता. या खात्याच्या नोकरीने त्याला उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द, कारवार अशा किनारी मुलखातून फिरवले. 1883 मध्येच आलेल्या ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ या पुस्तकात त्याने बंगल्यातील मुंग्यांवर लिहिले. त्याचे निरीक्षण ओटीवर आरामखुर्चीत बसून झालेले असले तरी डोळा पक्का होता. पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या ओंबिलीच्या घरट्यांविषयी त्याने 1890 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिले.

या घरट्यांचा प्रश्न मुळात अवघड होता. प्रौढ मुंगीला रेशीम कातता येत नाही, तरी पाने रेशमासारख्या पांढऱ्या धाग्यांनी शिवलेली असतात. सिंगापूर, सिलोन आणि भारत येथील निरीक्षकांच्या नोंदींतून विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत उत्तर निश्चित झाले. काही मुंग्या साखळी करून दोन पानांच्या कडा जवळ ओढून धरतात. दुसऱ्या मुंग्या तोंडात एकेक अळी घेऊन येतात आणि धोटा चालवावा तशी ती या कडेकडून त्या कडेकडे नेतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या धाग्याने कडा शिवल्या जातात. आपल्या कोशासाठी राखायचे रेशीम अळी घरासाठी देऊन टाकते, म्हणून या जातीचे कोश उघडे असतात. माहीमच्या वाडीत आंब्याच्या फांदीवरचे घरटे जरासे फाडून काही हातांवरून पाहत राहिले, तर हे काम भरदिवसा, कोणत्याही काचेशिवाय पाहता येते. अट एवढीच की अंगावर चढलेल्या ओंबिलींचे चावे सोसावे लागतात.

ओंबीलच जगातील सर्वांत जुन्या मुंगीपालनाचीही नायिका आहे. इ. स. 304 चा मानल्या जाणाऱ्या, जी हान याच्या नावावरील दक्षिण चीनच्या वनस्पतींविषयीच्या ग्रंथात, संत्रावर्गीय फळांच्या बागांसाठी या मुंग्या घरट्यांसह चटईच्या पिशव्यांतून बाजारात विकल्या जात आणि त्या नसतील तर फळ किडीने नासते, असे म्हटले आहे. पुढील काळात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यासाठी बागाईतदार बांबूचे पूल बांधीत. कोकणात असा व्यापार झाला नाही. येथील बागाईतदाराचे ओंबिलीशी नाते दुहेरी राहिले: ती झाडावरच्या अळ्या व ढेकण्या मारते, परंतु गोड स्रावासाठी खवले कीड आणि पिठ्या ढेकूण जपते, आणि आंबे उतरवायला चढणाऱ्याला सळो की पळो करते. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या माडिया गोंडांत आणि शेजारच्या बस्तरात, याच मुंगीची चटणी आवडीने खातात. ओडिशातील मयूरभंजच्या अशा चटणीस 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

एटकनने मुंगीला वाचकप्रिय केले, तर तिची शास्त्रशुद्ध गणना मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉबर्ट चार्ल्स रॉटन याच्यामुळे शक्य झाली. 1871 ते 1904 या नोकरीच्या काळात त्याने मुंग्यांचे नमुने गोळा करून ते स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेलकडे पाठवले. फोरेल हा मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मनोरुग्णालयाचा संचालक आणि मुंग्यांचा त्या काळातील सर्वांत मोठा जाणकार. आपल्या घराला त्याने ‘मुंग्यांचे वारूळ’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले होते. रॉटनचा ‘अवर अँट्स’ हा दोन भागांतील निबंध 1892 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षापासून फोरेलने भारत व सिलोनच्या मुंग्यांवरील आपली फ्रेंच लेखमाला तेथेच सुरू केली, जी पुढे दशकभर चालली. युरोपात राहणाऱ्या विद्वानाचा असा ग्रंथराज मुंबईतून छापला जावा, ही त्या तरुण संस्थेला भूषणावह गोष्ट होती. 1903 मध्ये चार्ल्स टॉमस बिंगमने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील मुंग्यांचा खंड याच सामग्रीच्या पायावर रचला. अनेक जातींच्या नावांत रॉटनचे नाव राहिले आहे. जंगलातून घरटी शोधून आणणारे, झाडे ओळखणारे आणि मुंग्यांच्या सवयी सांगणारे वनरक्षक, वारली, कातकरी, ठाकूर यांच्यापैकी कोणाचेही नाव एखाद्या मुंगीला मिळाले नाही, आणि या इतिहासातील हा अन्याय उघडपणे नोंदवला पाहिजे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुंग्यांच्या सूचीत 100 प्रजातींतील 828 जाती व उपजाती नोंदल्या आहेत.

मुंबईच्या या विद्वानांनी मुंग्या टिपल्या, ओळखल्या, वर्णिल्या. लबकप्रमाणे त्या वर्षानुवर्षे पाळल्या नाहीत. पालन हा घरगुती छंद म्हणून पसरला तो अमेरिकेत, 1956 मध्ये मिल्टन लेव्हीनने बाजारात आणलेल्या ‘अँट फार्म’ या खेळण्यामुळे. प्लास्टिकच्या दोन पारदर्शक भिंतींत वाळू आणि टपालाने येणाऱ्या कामकरी मुंग्या, असे त्याचे स्वरूप होते. राणी त्यात नसे, कारण मुंग्यांचा अनिष्ट प्रसार टाळण्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राण्या पाठवण्यावर तेथे बंधन होते. परिणामी बोगदे खणले जात, पण पिले होत नसत आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत सर्व मुंग्या मरत. राणी नसलेली वसाहत हे मुंगीपालनाचे अर्धवट रूप असून मुलांच्या मनावर मुंगीच्या जीवनाचे चुकीचे चित्र ठसवण्यास ते कारणीभूत झाले.

आजच्या मुंगीपालकाची रीत याच्या उलट आहे आणि ती कोकणच्या ऋतुचक्राशी चांगली जुळते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंख असलेल्या मुंग्या जमतात, तो त्यांचा मिलनोड्डाणाचा काळ होय. मरण जवळ आले की मुंगीला पंख फुटतात, ही म्हण नरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. ते एक-दोन दिवसांत मरतात. मीलन झालेली राणी मात्र जमिनीवर उतरून पायांनी आपले पंख पाडते आणि त्यानंतर तिचे दीर्घ आयुष्य सुरू होते. त्या एका उड्डाणात मिळालेले शुक्राणू ती जन्मभर साठवून वापरते. पंख गळालेली अशी राणी मिळाली की पालक प्रयोगशाळेतील काचेची परीक्षानळी घेतो, तळाशी तीन-चार बोटे पाणी भरतो, पाण्याला टेकेल असा कापसाचा घट्ट बोळा बसवतो, पुढच्या कोरड्या जागेत राणीला सोडतो आणि तोंडाशी दुसरा सैल बोळा लावून नळी अंधाऱ्या खणात ठेवतो. भिजलेला बोळा हेच तिचे पाणी आणि हीच तिची ओल. मुंगळ्यांसारख्या जातींची राणी या काळात काहीच खात नाही. आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून ती स्वतःचे व पहिल्या पिलांचे पोषण करते. साधारण महिना-सव्वा महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात, त्या नेहमीपेक्षा लहान असतात, आणि त्यानंतरच साखरेच्या पाण्याचा थेंब व मारलेल्या झुरळाचा किंवा नाकतोड्याचा तुकडा द्यावा लागतो. या महिन्यात नळी वारंवार उजेडात काढून पाहणे हे अपयशाचे सर्वांत मोठे कारण ठरते, कारण त्रस्त राणी आपलीच अंडी खाऊन टाकते.

एकाच घरात अनेक जाती ठेवणाऱ्याला या किनाऱ्यावर निवड भरपूर आहे. परंतु प्रत्येक जात वेगळा संसार मागते. काळा मुंगळा, शास्त्रीय नावाने कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, सोशिक, मोठा आणि दिसण्यास सोपा, म्हणून आरंभासाठी सर्वोत्तम. फायडोलच्या घरट्यात इवल्या कामकऱ्यांबरोबर प्रचंड डोक्याच्या मुंग्या दिसतात, ज्या कठीण बिया फोडतात. त्यांना कोरडी खोलीही लागते, नाहीतर धान्याला बुरशी येते. झाडांवर चघळलेल्या लाकडाचे व मातीचे गोळे बांधणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर संकट येताच हृदयाच्या आकाराचे पोट पाठीवरून पुढे वळवतात. टेट्रापोनेरा रुफोनायग्रा, म्हणजे तांबूस वक्षाची सडपातळ काळी झाडमुंगी, नांगी मारते व तिची वेदना तीव्र असते, म्हणून मुलांच्या घरात ती नको. ओंबिलीला जिवंत फांदी हवी आणि तिची एक वसाहत अनेक झाडांवर पसरते, तेव्हा बोईसर-तारापूरच्या सदनिकेत तिला कोंडण्याचा आग्रह न धरणेच बरे. या सर्वांच्या जोडीला एक निमंत्रित नसलेली जात असते: भिंतीच्या फटीत राहणारी, डोके काळे व पोट फिकट असलेली टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम ही घरमुंगी, जी पाळलेल्या वसाहतीत शिरून अन्न पळवते. तिच्यासाठी पुन्हा मेजाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या येतात, आणि आतल्या मुंग्यांनी बाहेर पडू नये म्हणून पेटीच्या कडेला टाल्कम पावडर व स्पिरिटचा लेप दिला जातो, जो वाळल्यावर त्यांचे पाय घसरतात.

काचेच्या घरट्याने दाखवलेल्या गोष्टींत दोन भारतीय मुंग्यांचा वाटा विशेष आहे. डायकामा प्रजातीत राणीच नसते. कामकऱ्यांच्या पाठीवर पंखांच्या जागी बोंडांसारखे दोन लहान अवयव असतात, ते ज्या एकीकडे शाबूत राहतात ती मीलन करून अंडी घालते आणि नव्याने जन्मणाऱ्या इतरांचे अवयव तोडले जातात. जेर्डनने 1851 मध्ये नाव दिलेली हार्पेग्नॅथस सॉल्टेटर ही मोठ्या डोळ्यांची, उडी मारून भक्ष्य पकडणारी मुंगी सह्याद्रीतही आढळते. राणी मेली की तिच्या कामकऱ्या मिशांनी एकमेकींशी दीर्घकाळ झुंजतात आणि जिंकणाऱ्यांपैकी काही अंडी घालू लागतात. त्यांचा मेंदू लहान होतो, आयुष्य वाढते, आणि 2021 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे त्यांना पुन्हा कामकऱ्यांच्या स्थितीत आणले तर मेंदू परत पूर्वीइतका होतो. 2010 मध्ये जनुकसंच पूर्ण वाचल्या गेलेल्या पहिल्या दोन मुंग्यांपैकी ही एक होय. प्रयोगशाळांतील या वसाहती मूळच्या दक्षिण भारतातून नेलेल्या राण्यांच्या वंशातल्या असून त्या प्लास्टरच्या घरट्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आहेत.

छंद वाढला तशी राण्यांची बाजारपेठही वाढली, आणि तिच्यात एक जुना धोका नव्या वेगाने परतला. शेताच्या बांधावर सापडणारी, चावल्यावर आग पेटवणारी सोलेनॉप्सिस जेमिनाटा मूळची अमेरिकेतील आहे. सोळाव्या शतकात अकापुल्को ते मनिला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती आशियात आली आणि तेथून पसरली, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले आहे. गलबताच्या तळाशी भरलेल्या मातीतून जे नकळत झाले, ते आज परीक्षानळ्यांतून जाणूनबुजून होऊ शकते. एप्रिल 2025 मध्ये केनियात दोन बेल्जियन तरुणांना सुमारे 5000 राणीमुंग्या कापूस घातलेल्या नळ्यांतून बाहेर नेण्याच्या तयारीत असताना पकडण्यात आले आणि मे महिन्यात न्यायालयाने त्यांना मोठा दंड ठोठावला. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय येथील जैविक संपत्ती घेता येत नाही, आणि मुंगी ही त्या संपत्तीचाच भाग आहे. परदेशी राणी विकत घेणाऱ्या पालकाने हेही जाणून असावे की निसटलेल्या एका नळीतून नवी शेतकीड उभी राहू शकते. आपल्याच अंगणात पहिल्या पावसाला उतरलेली राणी ठेवणाऱ्याला हा धोका नाही. तिची वसाहत सांभाळणे जड झाले, तर जेथे ती सापडली त्याच वाडीच्या बांधावर नळीचा बोळा काढून ठेवता येतो.